पाणी चाखून भाव

दिवाळी अंक काढणाऱ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मामा, एवढी वर्षं रंगाचं काम केलंत. घर बाहेरून रंगवायला किती खर्च येतो, तो कसा काढतात, ते लिहा. लोकांना उपयोग होईल." मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेला माणूस. भिंत द्या, रंगवून देतो. कागदावर माझा हात चालत नाही. त्या हसल्या आणि कोरी वही ठेवून गेल्या.

वही महिनाभर तशीच पडून होती. आता उघडली ती रेट सांगायला नाही. तुळिंजच्या एका बिल्डिंगच्या लोकांशी मी एक खोटं बोललो होतो, ते खोडायचं आहे. माझी बायको चांगुणा गेल्या माघात गेली. त्या खोट्यात तिच्या वाट्याचं खरं मी गिळलं होतं. ती असताना खोडलं नाही. आता लिहून खोडतो.

पण विचारलं आहे तर आधी रेट सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाहेरचा रंग म्हटला की गिऱ्हाईक पहिलं डब्याची किंमत विचारतं. डबा हा खर्चातला लहान भाऊ. भिंतीची लांबी गुणिले उंची, ते झाले फूट. उंची वाढली की परांची बांधावी लागते, म्हणजे बांबू आले, सुंभ आलं, बांधणारे आले. मग जुनी भिंत बघायची. पोपडे किती, भेगा किती, शेवाळ कुठवर चढलंय. आमच्या वसईत चार महिने पाऊस आणि आठ महिने खारा वारा. पश्चिमेची भिंत आधी मरते. घराच्या चार भिंतींत पश्चिमेची भिंत म्हणजे बाहेर राबणारा माणूस, तिला खाऊ जास्त लागतो. हे सगळं घासायला, भरायला जी मजुरी लागते ती रंगापेक्षा जास्त. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, कारण ती रंगाखाली झाकली जाते.

आणि शेवटचं म्हणजे पाणी. नव्वदच्या सुमाराला बाहेरून सगळीकडे सिमेंटचा रंग असायचा. भुकटी यायची, ती पाण्यात कालवायची. भिंत आधी भिजवायची, मग पहिला हात मारायचा, मग पाणी मारायचं, दुसरा हात, परत तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. सिमेंटच तो, पाणी प्यायल्याशिवाय धरत नाही. पाणी गोडं असेल तर रंग पाच वर्षं टिकणार. खारं असेल तर पाण्यातलं मीठ भिंतीत जाऊन बसतं, भिंत सुकली की फुलून बाहेर येतं आणि रंगाला घेऊन पडतं. आमच्याकडे एका वाडीतली विहीर गोडी, कुंपणापलीकडची खारी. म्हणून पाणी कसलं आहे ते कळल्याशिवाय भाव सांगता येत नाही. पाणी आणावं लागलं तर त्याचा खर्च भिंतीवरच चढणार.

मला पाण्यातलं कळत नव्हतं. चांगुणाला कळायचं. तिचा बाप मिठागरावर राबायचा, ती तिथेच लहानाची मोठी झाली. ओंजळीत पाणी घ्यायची, जिभेचं टोक लावायची, थुंकायची. मग जरा थांबायची, कारण खारट चव मागून येते. तिचे तीनच शब्द होते. गोडं, मचूळ, खारं. ती बोलली की मी भाव सांगायचो. लोकांना वाटायचं, पेंटर भिंत बघून भाव काढतो.

पाचूबंदरला पासकीन मावशी म्हणून एक होती. नवरा होडीवर, दोन पोरगे होडीवर, घर अगदी धक्क्याला लागून. तिने मला बोलावलं आणि अर्धं पिंप निळा रंग दाखवला. होडीला मारून उरलेला.

"ह्योच मार भिंतीला. मजुरी तेवढी सांग."

मी म्हटलं, "मावशी, भिंतीला चुना हाय. चुन्यावर तेलाचा रंग धरत नाय."

"समुद्रात होडीवर धरतो नि तुझ्या भिंतीवर धरत नाय? भिंत काय बोंबील धरायला जाते?"

गिऱ्हाईक ऐकत नसेल तर त्याच्या मनासारखं करावं, असं मला तेव्हा वाटायचं. मारला. घर असं चकचकीत निळं झालं की किल्ल्यावर फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. पुढच्या नाताळाच्या आधी मावशीचा निरोप आला. जाऊन बघतो तर रंग सालासारखा लोंबत होता, आणि खाली कोंबड्या ती निळी सालं टोचत होत्या.

मावशी म्हणाली, "माझ्या घराला कात आली रे पेंटर."

त्या वेळी चांगुणा बरोबर होती. तिने मावशीच्या बावडीचं पाणी चाखलं आणि म्हणाली, "खारं. गोडं पानी लांबून आनावं लागंल, पैशे वाढतील."

"अगो मिठाच्या पोरी," मावशी ओरडली, "समुद्रावर राहून गोडं पानी मागतेस?"

"मावशे, मासली जल्म खाऱ्या पान्यात काढते, तरी तू कालवनात मीठ टाकतेसच ना? भिंतीचं उलटं हाय. तिला अलनी लागतं."

मावशी एवढी हसली की भाव करायचंच विसरली. ते घर आम्ही सगळं खरवडून परत रंगवलं, गोड्या पाण्यात. मग कितीतरी वर्षं हात लावावा लागला नाही. मावशी रस्त्यात भेटली की मला विचारायची नाही, चांगुणाला विचारायची, "काय गो अलनी, बरी हायेस ना?"

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे वाडीतले इनास मास्तर. शाळेतून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. मी भिंत मोजली, त्यांनी माझ्यामागून परत मोजली. मग कागदावर गणित करून म्हणाले, "पेंटर, सात खिडक्या आणि दोन दारं आहेत. तिथे रंग लागत नाही. तेवढे फूट कापा."

हे सगळेच विचारतात म्हणून सांगतो. लहान खिडकी आम्ही कापत नाही. खिडकीच्या भोकाला रंग लागत नाही, खरं आहे. पण तिच्या चारी बाजूंच्या कडा, वरचा सज्जा, खालची पट्टी, तिथे लहान ब्रश घेऊन बसावं लागतं. सपाट भिंत पळते, खिडकी बसवून ठेवते. मी हे समजावत होतो, मास्तर मान हलवत होते, पण पेन्सिल खाली ठेवत नव्हते. तेवढ्यात चांगुणा विहिरीवरून आली.

"मास्तर, पानी गोडं हाय तुमचं. एकदम नारलाचं. पान्याचे पैशे कापते, खिडक्या राहू द्या."

मास्तरांनी कागद उलटा केला, मागच्या बाजूला गणित केलं आणि म्हणाले, "चालेल. पण हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"आधी चाखलं नव्हतं ना," ती म्हणाली.

असं चाललं होतं. घरं, बंगले, एखादं देऊळ. मग तुळिंजचं काम आलं.

तुळिंजला तेव्हा बिल्डिंगी अशा उगवत होत्या की मागल्या महिन्यातली वाट या महिन्यात सापडायची नाही. चार मजले, बावीस बिऱ्हाडं. बिल्डिंगचं नाव लिहीत नाही. माझं ते पहिलं बिल्डिंगचं काम होणार होतं. एक बिल्डिंग केली की पेंटर राहत नाही, कॉन्ट्रॅक्टर होतो. मला ते व्हायचं होतं.

रविवारी कंपाउंडमध्ये खुर्च्या टाकून कमिटी बसली. सेक्रेटरी कदम साहेब, कोकणातले, मुंबईत नोकरीला, माणूस सरळ. दोघातिघांचे भाव त्यांच्याकडे आले होते, साडेतीन रुपये फुटाच्या घरात. मी मनात तीन धरले होते. तीन परवडायचे, पण एका अटीवर. पाणी तिथलंच वापरायला मिळालं पाहिजे.

पाणी म्हणजे बोअरिंगचं. प्यायचं पाणी दिवसाआड यायचं, ते भिंतीला कोण देणार? चांगुणा कंपाउंडच्या नळापाशी गेली, ओंजळ भरली, चाखलं, थांबली. मग तिथूनच म्हणाली, "मचूळ हाय. ह्याच्यात रंग नको."

कदम साहेब म्हणाले, "अहो मामी, आम्ही रोज वापरतो हे. आंघोळीला, कपड्यांना."

"कपडा वाळला की झटकता ना साहेब? भिंत कोन झटकनार?"

सगळे हसले. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "पेंटर, कॉन्ट्रॅक्ट तुमचं की मामींचं? कोणाशी बोलायचं ते ठरवा."

परत सगळे हसले. वाईट कोणीच नव्हतं त्यांच्यात. पण माझ्या कानशिलाला आग लागली. टँकरचं पाणी धरलं तर माझा भाव बाकीच्यांच्या वर जात होता, आणि काम हातातून जाताना दिसत होतं.

मी म्हटलं, "चांगुने, गप बस. तुला काय कळतंय बिल्डिंगमधलं? साहेब, हिचं मनावर घेऊ नका. मिठागरावर वाढलेली, हिला घागरीत पण समुद्र दिसतो. याच पाण्यात करतो. तीन रुपये."

तिच्या ओंजळीत थोडं पाणी उरलं होतं. ते तिने हळूच खाली सोडलं, हात पदराला पुसला आणि गेटपाशी जाऊन बसली. घरी आल्यावर भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

काम मे महिन्यात केलं. पिस्ता कलर. भिंतीला पाणी मारायचं काम नेहमी तिचं असायचं, तेही तिने केलं. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून तेच मचूळ पाणी ती भिंतीवर मारत होती. मी वर परांचीवर, ती खाली. एकदाही वर बघून काही बोलली नाही. सांगायचं होतं ते एकदा सांगून झालं होतं.

पावसाळाभर भिंत ओली होती तोवर सगळं ठीक दिसलं. गणपतीत लोकांनी कौतुक केलं. दसऱ्याच्या सुमाराला ऊन पडलं आणि आमच्या नाक्यावरच्या पीसीओवर कदम साहेबांचा फोन आला. "मामा, एकदा येऊन जा. आमच्या पोरांच्या युनिफॉर्मची पाठ हिरवी होतेय."

गेलो. भिंतीवर पांढरं फूल आलं होतं, कणीदार. हात लावला की पिस्ता हाताला. कदम साहेबांचाच ऑफिसचा पांढरा शर्ट मागून हिरवा झाला होता. तो त्यांनी मला दाखवला, पण आवाज चढवला नाही.

"असं का झालं मामा?"

बावीस बिऱ्हाडांतले निम्मे लोक खाली उभे होते. त्या दिवशी जे हसले होते तेही होते. मला उत्तर माहीत होतं. माझ्या तोंडातून आलं ते असं, "पाऊस लवकर आला साहेब. रंग पिकायला वेळच मिळाला नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांनाही ते सोयीचं होतं, पाणी त्यांचंच होतं ना. मी पुढे म्हटलं, "पण माझं काम आहे. माझ्या पदरचा माल घालून परत रंगवून देतो." हे मात्र खरं बोललो.

घरी येऊन चांगुणाला सांगितलं, मीठ फुटलंय. उद्या सगळी भिंत पाण्याने धुऊन काढतो. ती भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "धुवायचं नाय. पानी मारलंत तर मीठ परत आत जाईल. सुकं हाय तोवर सुक्या ब्रशनं झाडा, खाली पडंल ते गोळा करून लांब टाका. मग धुवा. आनि गोड्या पान्यानं."

मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं या धंद्यात, आणि मीठ कसं काढायचं ते मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, कारण मीठ ओलं असताना गोळा होत नाही हे मिठागरावरच्या पोराला चालायच्या आधी कळतं. चार माणसं लावून चारी मजले तारेच्या ब्रशने सुके झाडले. चिंचोटीकडून गोड्या पाण्याचे टँकर आणले. त्या कामात कमावलेलं गेलं आणि वरून घातलं ते वेगळं. पण दुसरा रंग असा बसला की नखाने खरवडला तरी निघेना. तिने तिथे पाऊल टाकलं नाही.

त्या हिवाळ्यात बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा होती. आम्हा दोघांना बोलावलं. बायकांमध्ये चांगुणा बसली. कदम साहेबांनी माइक घेतला आणि म्हणाले, "पाऊस लवकर आला, त्यात कोणाचीच चूक नव्हती. तरी मामांनी पदरचे पैसे घालून काम करून दिलं. असा प्रामाणिक माणूस आजकाल मिळत नाही." मला शाल दिली, नारळ दिला. टाळ्या वाजल्या. मग माइक माझ्या हातात दिला.

माइक माझ्या हातात होता. ती समोर बसली होती. मी म्हटलं, "आपला आभारी आहे."

येताना नारळ तिच्याकडे, शाल माझ्या खांद्यावर. स्टेशनच्या अलीकडे ती चालता चालता म्हणाली, "परत रंग मारून दिलात ते बरं केलंत. पन पावसाचं नाव कशाला घेतलंत?"

मी खांद्यावरची शाल सावरली आणि चालत राहिलो. तिने परत विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि कधीच नाही. पण त्यानंतर ती माझ्याबरोबर कुठल्याही कामावर आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. बाजाराला चालत जायची.

मला तर तिच्याशिवाय भाव काढता येईना. मग मी कामाच्या जागेवरून बाटलीत पाणी भरून आणायला लागलो. बाटली ओट्यावर ठेवायची आणि हातपाय धुवायला जायचं. पहिल्या कितीतरी बाटल्या तिने तुळशीत ओतल्या. पाणी कसलं ते तुळशीलाच काय ते कळलं असेल. मग एका संध्याकाळी मी हातपाय धुऊन आलो तर बाटलीचं झाकण उघडं होतं.

"खारं," ती म्हणाली. "आनि बाटली नीट धुवत जा, रॉकेलचा वास येतो."

मला तेव्हा एवढा आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाइकाला मी चहा पाजला. नंतरची सगळी कामं अशीच झाली. मी बाटली आणायचो, ती एक शब्द सांगायची. मी मनात म्हणायचो, झालं, मिटलं. माफी मागायची राहिली ती राहिलीच. मग नवे रंग आले, डब्यातून तयार, भिंतीला पाणी मारायची गरज नाही. खर्च वाढला, पण पाण्याचा खर्च गेला. गिऱ्हाईक खूश झालं. बाटली आणायचं कारण संपलं. तरी मी दोन-चार वेळा आणली.

शेवटची दोन वर्षं डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं. मी दोघांचंही जेवण बिनमिठाचं करायचो. पहिल्या दिवशी घास घेऊन ती म्हणाली, "पासकीन मावशीचं खरं झालं बगा. अलनी झाले."

ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली. ती शाल खाली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुकानातली घडी तशीच. थंडीत गोधडी अंगावर घ्यायची, पण शाल तिने मोडली नव्हती.

ती शाल घेऊन मी या उन्हाळ्यात तुळिंजला गेलो. बिल्डिंग आता पाडायची आहे, नवीन उभी राहणार. निम्मी बिऱ्हाडं गेलेली. कदम साहेब अजून तिथेच, थकलेत. मला ओळखलं, चहा ठेवायला सांगितला. मी शाल त्यांच्यापुढे ठेवली.

"साहेब, ही माझी नव्हती. पाणी मचूळ होतं. माझ्या बायकोने नळापाशी उभं राहून सांगितलं होतं, तुमच्या सगळ्यांसमोर. मी तिला गप्प केलं."

ते बराच वेळ आठवत राहिले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "मामा, मामी होत्या का तेव्हा? मला काही आठवत नाही हो. पाऊस मात्र पक्का आठवतोय. लवकर आला होता त्या वर्षी."

चांगल्या मनाने म्हणाले. शाल मला परत दिली. खाली उतरलो तर कंपाउंडमधला नळ चालू होता. ओंजळ भरली, जीभ लावली, थुंकलो, तिच्यासारखा थांबलो. मला काही कळलं नाही. नुसतं पाणी लागलं. घरी आलो आणि बाईंची वही उघडली.

ती बावीस बिऱ्हाडं आता कुठे कुठे गेली असतील. कोणाच्या घरी हा अंक पोचला तर एवढं वाचा. तुमच्या भिंतीला मीठ लागलं ते मी लावलं. चांगुणाने आधी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं होतं, हसला होतात, आठवून बघा. आणि ते मीठ निघालं तेही तिच्याच सांगण्याने. पाऊस त्या वर्षी वेळेवरच आला होता.